पंख्याची दोरी कोणाच्या हातीं?

या पृष्ठावर आम्ही बहुधा शब्दांविषयीं, सणवारांविषयीं किंवा मुलांच्या अभ्यासाविषयीं लिहीत असतों. या महिन्यांत मात्र संगणकाच्या पंख्याविषयीं लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय पाहून आमच्या समवयस्क वाचकांनीं पान उलटूं नये. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें जें कांहीं झालें तें संस्कृतांत झालें. आणि सारा जन्म नागपुरांतील मुलांकडून शब्दरूपें पाठ करून घेण्यांत गेला. अशा मनुष्यास जें समजलें तें वाचकांस समजणार नाहीं, हें संभवत नाहीं. शिवाय गेल्या वैशाखांत आमच्या घरीं जो प्रकार घडला त्यांत मूळ चूक आमची होती. ती इतरांच्या घरीं घडूं नये, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें घर महालांतील एका जुन्या वाड्यांत आहे. एका छपराखालीं चार पिढ्या नांदतात. मातोश्रींचें वय अठ्ठ्याऐंशी असून त्यांची खाट माजघराला लागून असलेल्या खोलींत असते. घरचा संगणक माजघराच्या कोपऱ्यांत ठेविला आहे. त्यावर सूनबाई आपल्या शाळेचें काम करतात, आम्ही या सदराचा मजकूर लिहितों, आणि रात्रीं सर्वांची निजानीज झाल्यावर अभियांत्रिकी शिकणारा आमचा थोरला नातू अभ्यासास बसतो.

गेल्या पौषांत एके दिवशीं सकाळीं मातोश्री म्हणाल्या, "रात्रभर हा कसला भुंगा गुणगुणतो रे? डोळ्याला डोळा लागत नाहीं." या वयांत झोप मुळांतच थोडी, तीहि अशी तुटावी हें आम्हांस पाहवेना. भुंगा म्हणजे संगणकाचा पंखा होता. नातू रात्रीं जड गणितें यंत्रावर चालवी, आणि यंत्र तापलें कीं पंखा जोरानें फिरे. आम्हीं त्यास बोलावून आज्ञा केली, "रात्रीं तो पंखा बंद करीत जा." तो म्हणाला, "बंद करतां येणार नाहीं, आजोबा. यंत्र तापेल. मंद करतां येईल." आम्हीं म्हटलें, "मग मंद कर. पण पणजीची झोप मोडतां कामा नये." त्या रात्रीं भुंगा गप्प झाला व मातोश्रींस झोप लागली. नातवानें नेमकें काय केलें याची चौकशी करण्याचें आम्हांस कारण वाटलें नाहीं. काम झालें कीं रीत विचारावयाची नाहीं, ही आम्हां वडीलधाऱ्यांची जुनी खोड आहे.

आतां हा पंखा असतो कशासाठीं, तें प्रथम सांगितलें पाहिजे. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. नखाएवढ्या त्याच्या चकतींत विजेच्या कोट्यवधि सूक्ष्म कळा क्षणोक्षणीं उघडत व मिटत असतात. त्या कामास जी वीज लागते, समजा ६५ वॅट, ती बहुतेक सर्व अखेर उष्णतेंत रूपांतर पावते. पूर्वींच्या साठ वॅटच्या दिव्यास हात लावून ज्यांनीं बोट भाजून घेतलें आहे त्यांस या उष्णतेची कल्पना येईल. परंतु दिव्याची कांच मोठी असते. येथें तितकीच उष्णता नखाएवढ्या जागेंतून बाहेर पडावयाची असते. म्हणून प्रोसेसरवर तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा एक ठोकळा बसवितात, आणि त्या पत्र्यांतून वारा खेळविण्यासाठीं पंखा लावतात.

नव्या तऱ्हेच्या पंख्यास चार तारा असतात. एक १२ व्होल्ट वीज आणणारी, दुसरी ती परत नेणारी, तिसरी पंख्याची बातमी आणणारी आणि चवथी पंख्यास हुकूम पोंचविणारी. तिसऱ्या तारेवरून दर फेऱ्यास दोन ठोके येतात. ते मोजले म्हणजे मिनिटास किती फेरे होत आहेत तें कळतें. चवथ्या तारेवरचा हुकूम मोठा चमत्कारिक आहे. त्या तारेवर सेकंदास सुमारें २५,००० वेळां इशारा चालू आणि बंद होत असतो. चालू असण्याचा भाग जितका मोठा, तितका पंखा जलद. मनुष्याच्या कानास सेकंदास २०,००० कंपनांपलीकडचें ऐकूं येत नाहीं, म्हणून ही टकटक कोणास जाणवत नाहीं. या पद्धतीस पीडब्ल्यूएम अशा तीन-चार अक्षरांनीं ओळखतात.

हा हुकूम देतो कोण? संगणकाच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक लहानशी चीप असते. उष्णतामान मोजणें, पंख्याचे फेरे मोजणें व पंख्यास इशारा देणें हीं तिचीं कामें. आपण कांहीं केलें नाहीं तर यंत्राची अंगचीच व्यवस्था उष्णतामान पाहून पंखा कमी-जास्त करते, आणि बहुतेक घरांत तेवढ्यावर उत्तम चालतें. परंतु आमच्या नातवानें यंत्रावर लिनक्स नांवाची ऑपरेटिंग सिस्टीम बसविली आहे. फिनलंडांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा आरंभ केला, आणि आज जगांतील असंख्य यंत्रें तिच्यावर चालतात. या प्रणालींत चीपशीं बोलणारा जो प्रोग्रॅम असतो त्यास ड्रायव्हर म्हणतात.

ड्रायव्हर हा शब्द ऐकतांच आम्हांस कठोपनिषदांतील रथाचें रूपक आठवलें. तेथें बुद्धीस सारथि म्हटलें आहे व मनास लगाम. धन्यास घोड्याची भाषा येत नाहीं; ती सारथ्यास येते. येथेंहि तसेंच आहे. प्रत्येक जातीच्या चीपेस तिची भाषा जाणणारा सारथि लागतो. न्यूव्होटॉन कंपनीच्या पुष्कळ चीपांसाठीं 'एनसीटी६७७५', आयटीई कंपनीच्या चीपांसाठीं 'आयटी८७', इंटेलच्या प्रोसेसरचें उष्णतामान वाचण्यासाठीं 'कोअरटेम्प' आणि एएमडीच्या प्रोसेसरसाठीं 'के१०टेम्प', अशीं त्या सारथ्यांचीं नांवें आहेत. नांवें रुक्ष खरीं. पण सारथ्याचें नांव सुंदर असलेंच पाहिजे असें नाहीं.

सारथि जें पाहतो तें आपणांस फाईलींच्या रूपानें दाखवितो. 'सिस' नांवाच्या कप्प्यांत 'क्लास' व त्याच्या आंत 'एचडब्ल्यूमॉन' असा कप्पा असतो. तो यंत्राच्या प्रकृतीचा दप्तरखाना होय. तेथील उष्णतामानाच्या फाईलींत ४५००० असा आकडा दिसला तर दचकूं नये. तेथें अंशाचा सहस्रांश मोजतात, म्हणून तो ४५ अंश सेल्सिअस समजावा. दुसऱ्या फाईलींत पंख्याचे मिनिटाचे फेरे असतात. आणि 'पीडब्ल्यूएम१' या फाईलींत ० पासून २५५ पर्यंतचा जो आकडा असेल तितका पंख्याचा जोर. शेवट २५५ वरच कां, असें आम्हीं विचारिलें. नातवानें सांगितलें कीं, शून्य व एक या दोनच अंकांनीं लिहिणाऱ्या यंत्रास आठ घरें दिलीं तर त्यांत २५६ निरनिराळे आकडे मावतात. शून्य धरलें म्हणजे शेवटचा २५५ होतो.

याच फाईलीशेजारीं 'एनेबल' या शब्दानें संपणारी आणखी एक फाईल असते. आमच्या सर्व कथेचें बीज तिच्यांत आहे. तींत ० लिहिला तर लगाम सुटतो व पंखा पूर्ण वेगानें धांवतो. २ किंवा त्यापुढचा आकडा लिहिला तर कारभार चीपेच्या स्वतःच्या नियमाकडे जातो. त्या आकड्यांचा नेमका अर्थ चीपेगणिक बदलतो. आणि १ लिहिला तर दोरी मनुष्याच्या हातीं येते. मग तो सांगेल तोच वेग. यंत्र कितीहि तापलें तरी पंखा स्वतःची अक्कल चालवीत नाहीं. या फाईलींत लिहिण्याचा अधिकार मात्र सर्वांस नसतो. एकत्र कुटुंबांत जसा कर्ता पुरुष, तसा लिनक्समध्यें 'रूट' असतो. त्याच्याच सहीनें हें होतें.

आमच्या नातवानें पौषांतील त्या रात्रीं 'एनेबल'मध्यें १ लिहिला आणि जोराच्या फाईलींत ७०. यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें कीं असे आकडे पुसले जातात, म्हणून दर वेळीं यंत्र जागें होतांच ते आपोआप लिहिले जावे अशीहि त्यानें तजवीज केली. पुढें परीक्षा आली, सुट्टी आली, आणि तो तें विसरून गेला. आम्हांस तर तें कधीं ठाऊकच नव्हतें.

नागपूरचा वैशाख कसा असतो तें वाचकांस सांगावयास नको. ४५ अंशांची दुपार म्हणजे येथें नित्याची गोष्ट. दारें-खिडक्या लावून घ्याव्या आणि कूलरच्या आश्रयास बसावें, असा सर्वांचा क्रम. त्या दिवशीं माजघरांतल्या कूलरचा पाण्याचा पंप बंद पडला आणि खोलीचें उष्णतामान ४२ अंशांवर गेलें. संगणकावर नातवाचें एक लांबलचक गणित दोन दिवसांपासून अखंड चालू होतें. सूनबाई त्याच यंत्रावर तीन वर्गांचे गुण भरीत बसल्या होत्या. निकाल दुसऱ्या दिवशीं शाळेंत द्यावयाचा होता. यंत्र अतिशय मंद चालत होतें. एक आकडा लिहावा आणि तो उमटण्याची वाट पाहावी, असें दोन तास चाललें. आम्ही म्हणालों, "यंत्र म्हातारें झालें." इतक्यांत पडदा काळा झाला.

सूनबाईंनीं मध्यंतरीं जतन न केलेले दोन वर्गांचे गुण गेले. नातवाचें दोन दिवसांचें गणित गेलें. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, परंतु त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलें आम्हीं पाहिलें. मग आम्हीं नातवास धारेवर धरिलें. रात्रंदिवस यंत्र राबवितोस, दुसऱ्याच्या कामाची पर्वा नाहीं, असें पुष्कळ बोललों. तो खालीं मान घालून उभा राहिला. त्यास उत्तर ठाऊक होतें, पण त्यानें तें दिलें नाहीं. उत्तर आलें तें आंतल्या खोलींतून. मातोश्री म्हणाल्या, "अरे, पंखा मंद कर म्हणून तूंच ना त्याला सांगितलें होतेंस?"

त्यावर आम्हांस बोलावयास जागा राहिली नाहीं.

संध्याकाळीं नातवानें कागदावर आम्हांस एक छोटी बेरीज करून दाखविली. पंखा कितीहि जोरानें फिरविला तरी तो यंत्रास खोलीच्या हवेहून थंड करूं शकत नाहीं. काम तेवढेंच व पंख्याचा वेग तोच असेल, तर प्रोसेसर खोलीहून ठराविक अंशांनीं उष्ण राहतो. हा फरक जवळजवळ कायम असतो. पौषांतल्या रात्रीं खोली २० अंश होती व प्रोसेसर ७२. म्हणजे फरक ५२. वैशाखांत खोली ४२ झाली. तींत तेच ५२ मिळविले कीं ९४. त्यांत फाल्गुन-चैत्राच्या वाऱ्यानें आणलेल्या धुळीनें पत्र्यांच्या फटी बुजल्या होत्या, त्याचे आणखी कांहीं अंश. बहुतेक प्रोसेसरांची सहनशक्ति ९० ते १०० अंशांच्या आसपास संपते. त्या मर्यादेजवळ आल्यावर प्रोसेसर प्रथम आपली चाल आपणच मंद करतो. तेवढ्यानेंहि भागलें नाहीं तर जीव वांचविण्यासाठीं यंत्र बंद पडतें. म्हणजे यंत्र म्हातारें झालें नव्हतें. दोन तास तें आपल्या परीनें आम्हांस सांगत होतें, आणि तें आम्हांस कळलें नाहीं. पौषापासून वैशाखापर्यंत फाईलींतला ७० हा आकडा तसाच होता. बदलला होता तो ऋतु.

तो दिवस असा संपला. नातवानें यंत्राची बाजू उघडून धूळ झाडली आणि पंखा पूर्ण २५५ वर सोडला. माजघर घोंघों करूं लागलें. आम्ही कागदावरचे गुण मोठ्यानें वाचीत होतों व सूनबाई ते भरीत होत्या. तें काम रात्रीं अकरा वाजतां संपलें. मातोश्री त्या सर्व आवाजांत जाग्याच होत्या, परंतु एका अक्षरानेंहि कुरकुरल्या नाहींत. उठतांना आम्हीं नातवास सांगितलें कीं, चूक आमची होती. साठी उलटल्यावर हें वाक्य जड जातें; पण तें उच्चारल्यावर झोप बरी लागते.

दुसऱ्या दिवशीं मातोश्रींनीं आम्हांस एक जुनी हकीकत सांगितली. त्यांचे वडील भंडाऱ्यास कचेरींत कारकून होते. लहानपणीं त्या कधीं वडिलांचा डबा देण्यास गड्याबरोबर जात. तेथें तुळईला कापडाचा मोठा पंखा टांगलेला असे. त्याची दोरी भिंतींतल्या भोंकांतून ओसरीवर गेलेली. ओसरीवरचा पंखेवाला ती दोरी पायाच्या अंगठ्यास बांधून आडवा होई व पाय हालवीत राही. दुपारीं त्याचा डोळा लागला कीं आंत पंखा थांबे. म्हणून शिपायानें मधून मधून बाहेर डोकावून पंखेवाला जागा आहे ना एवढें पाहावयाचें, असा तेथला रिवाज होता. मातोश्री शेवटीं म्हणाल्या, "ज्याच्या अंगठ्याला दोरी, त्याला मात्र वारा नव्हता हो!"

नातू हें ऐकत होता. तो म्हणाला, "पणजी, माझें तेंच चुकलें. मी दोरी हातांत घेतली आणि झोपीं गेलों."

मग त्यानें जी नवी व्यवस्था केली ती अशी. 'एलएम-सेन्सर्स' नांवाचा एक संच लिनक्सवर सर्वांस मिळतो. त्यांतला 'सेन्सर्स-डिटेक्ट' हा प्रोग्रॅम यंत्रांत कोणत्या चीपा आहेत तें शोधून कोणता सारथि नेमावा तें सांगतो. दुसरा, 'पीडब्ल्यूएमकॉन्फिग', एकेक पंखा थांबवून पाहतो व कोणत्या दोरीस कोणता पंखा बांधला आहे याची खात्री करून घेतो. फिरता पंखा थोड्या जोरावर फिरत राहतो, पण थांबलेल्यास सुरू करण्यास अधिक जोर लागतो. थांबलेल्या बैलगाडीस पहिला हिसका द्यावा लागतो, तसेंच हें. म्हणून हे दोन आकडे वेगवेगळे लिहून ठेवावे लागतात. तिसरा, 'फॅनकंट्रोल', हा खरा पंखेवाला. सामान्यतः दर दहा सेकंदांनीं तो उष्णतामान वाचतो व त्याप्रमाणें पंख्याचा आकडा लिहितो.

त्याचा हिशेब शाळेंतल्या त्रैराशिकाचा आहे. आमच्या यंत्रास ४५ अंशांपर्यंत ७० आणि ८० अंशांस २५५ असें ठरविलें. मधल्या ३५ अंशांत १८५ वाढावयाचे. म्हणजे अंशास सव्वापांचाहून किंचित् अधिक. त्या हिशेबानें ६० अंशांस सुमारें १५० येतात. पौषांत हा पंखा मंद राहील व वैशाखांत आपण होऊन जोर धरील. ऋतु बदलला हें त्यास कोणी सांगावें लागणार नाहीं. मंद पंख्याचा लाभहि मोठा आहे. वेग निम्मा केला तर वारा निम्माच होतो, पण आवाज सुमारें १५ डेसिबल उतरतो. म्हणून जेव्हां उष्णता थोडी असते तेव्हां थोड्या वाऱ्यांत पुष्कळ शांतता मिळते. जड गणितें रात्रीं न चालवितां सकाळीं चालवावीं, असें नातवानें आपण होऊन ठरविलें.

परंतु पंखेवाला नेमला म्हणजे शिपायाची गरज संपली असें नाहीं. 'फॅनकंट्रोल' रीतसर थांबविला तर तो जातांना दोरी पूर्वस्थितीवर ठेवून जातो; तोच अकस्मात् मेला तर शेवटचा आकडा तसाच राहतो. थिंकपॅड जातीच्या संगणकांसाठीं लिनक्समध्यें जो सारथि आहे त्याच्या कर्त्यांनीं याचा विचार केलेला दिसतो. तो सारथि पंख्याची दोरी सहसा कोणाच्या हातीं देतच नाहीं. 'फॅन-कंट्रोल' यापुढें १ लिहून स्पष्ट मागणी करावी लागते. शिवाय त्यांत 'वॉचडॉग' नांवाचा पहारेकरी ठेवितां येतो. त्यास १२० सेकंदांपर्यंतची मुदत द्यावी. त्या मुदतींत पंख्यास नवा हुकूम आला नाहीं तर मालक झोपला असें समजून तो पंखा पुन्हां सुरक्षित चालीवर आणतो. भंडाऱ्याच्या कचेरींतला शिपाई तो हाच.

आणखी एक सावधगिरी. दप्तरखान्यांतील कप्प्यांस जे क्रमांक असतात ते यंत्र पुन्हां सुरू केल्यावर कधीं कधीं बदलतात. काल दोन क्रमांकावर असलेली चीप आज तीन क्रमांकावर असूं शकते. 'फॅनकंट्रोल' चीपेचें नांव व ठिकाण ताडून पाहतो व जुळलें नाहीं तर काम करण्याचें नाकारतो. पण घाईनें स्वतः लिहिलेला हुकूम भलत्याच फाईलींत जाऊं शकतो. नांव वाचल्यावांचून आकडा लिहूं नये.

उष्णतेची ही चिंता आमच्या माजघरापुरती नाहीं. डॉ. विजय भटकर यांनीं अभियांत्रिकीची पदवी १९६५ सालीं आमच्याच नागपुरांतील विश्वेश्वरय्या महाविद्यालयांतून घेतली. तीच संस्था आतां व्हीएनआयटी या नांवानें ओळखली जाते. त्यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. पुढें २०१९ सालीं पुण्याच्या आयसर संस्थेंत 'परम ब्रह्म' उभा राहिला. त्यांत उष्णता नेण्याचें काम केवळ वाऱ्यावर न सोंपवितां द्रव थेट तापणाऱ्या भागांपर्यंत खेळविला आहे. तेवढ्याच आकाराच्या हवेपेक्षां पाणी तीन हजार पटींहून अधिक उष्णता वाहून नेतें, हें त्याचें कारण. एवढीं नांवें धारण करणाऱ्या यंत्रांसहि अंग निवविण्याची व्यवस्था लागतेच. मग आमच्या कोपऱ्यांतल्या यंत्राची कथा काय?

ज्या घरीं लिनक्स नाहीं त्यांनीं यांतलें कांहीं करण्याची आवश्यकता नाहीं. यंत्र सुरू होतांना जी मूळ व्यवस्था उघडतां येते तींतच बहुधा पंख्याचा नियम ठरवितां येतो, आणि नवशिक्यानें तो यंत्रकर्त्यानें दिला तसाच ठेवावा हें उत्तम. मात्र यंत्र भिंतीस चिकटवून ठेवूं नये. पाठीमागें वारा जाण्यास वीतभर जागा असावी. कूलरच्या खोलींत यंत्र ठेवण्यास हरकत नाहीं, उलट विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यांत त्याचा लाभच होतो. पण पाण्याचे तुषार अंगावर येतील इतकें जवळ ठेवूं नये. यंत्र एकाएकीं मंद झालें तर म्हातारपणाचा आरोप करण्यापूर्वीं त्यास हात लावून पाहावें. आणि लिहिलेलें काम वरचेवर जतन करावें. हें सूनबाईंनीं आवर्जून लिहावयास सांगितलें आहे.

आम्हीं घरीं आतां एक रिवाज पाडला आहे. होळीला उन्हाळा लागतो आणि दसऱ्यास आपल्याकडे शस्त्रांची व विद्येच्या साधनांची पूजा होते. या दोन दिवशीं संगणक उघडावयाचा, धूळ काढावयाची, आणि फाईलींतले सर्व आकडे मोठ्यानें वाचून ते कां लिहिले याची आठवण करावयाची. आम्हीं स्वतःपुरता एक नियम जोडला आहे. घरांत आम्हीं दिलेल्या आज्ञांपैकीं कोणत्या अजून चालू आहेत, हेंहि त्या दिवशीं मुलांस विचारावयाचें. पहिल्याच खेपेस आम्ही विसरलेल्या तीन आज्ञा निघाल्या. त्यांपैकीं दोन आम्हीं तेथेंच रद्द केल्या. तिसरी कोणती तें लिहिणें प्रशस्त नाहीं.

ज्येष्ठांतल्या एका उकाड्याच्या रात्रीं नातू वाचीत बसला होता व पंख्याचा बारीक आवाज येत होता. तो उठून आंत गेला आणि त्यानें मातोश्रींस विचारिलें, "पणजी, आवाजाचा त्रास होतो का? यंत्र बंद करूं का?" मातोश्री म्हणाल्या, "असूं दे रे. जागा आहे एवढें कळतें."